गिरगावच्या तसबिरी आणि ‘सुहैली’

वडिलांनी ठाकूरद्वारला दुकान टाकलं ते देवादिकांच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी मढवायला. मी गल्ल्यावर बसू लागलो तेव्हाही तेच काम होतं. मग एकदा गोदीतून निवृत्त झालेले एक काका फोटो घेऊन आले. दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका, कोपऱ्यात निळ्या शाईत सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सही. म्हणाले, “ही आपल्या मुंबईत बांधलेली बोट आहे रे, जपून मढव.”

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ‘सुहैली’, ३२ फुटी, सागवानी. १४ जून १९६८ला नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतले. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. ३१२ दिवस लागले. ही शर्यतच होती; तिच्यात उतरलेल्या नऊ जणांपैकी पूर्ण केली ती त्यांनीच. बक्षिसाचे ५,००० पौंड त्यांनी याच शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले. हे वाचलं आणि त्या सहीकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

काकांचा फोटो मात्र मी बिघडवला. नेहमीचा पुठ्ठा, नेहमीची चिकटपट्टी. दोन पावसाळ्यांनी कडा पिवळ्या पडल्या, काचेला चिकटून सहीचा शेपटा उचलला गेला. काका काही बोलले नाहीत, पण मला झोप लागली नाही. तेव्हापासून आम्ल नसलेला बोर्ड, फोटो आणि काच यांच्यात बारीक पट्टी, मागून ओल अडवणारं अस्तर, आणि ऊन येईल त्या भिंतीवर सही टांगायची नाही, हे गिऱ्हाइकाला आधी बजावतो. आज निम्मं काम असल्या सह्यांचं आहे.

पुढे स्वतःही जमवायला लागलो: सही केलेली पुस्तकं, फोटो, टपाल पाकिटं. एका विक्रेत्याकडून घेतलेली सही भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांची निघाली, म्हणजे चक्क छापील. पेनाची रेघ सलग असते, कागदावर दाब उमटतो. आता भिंग लावल्याशिवाय पैसे देत नाही.

२०१०मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा करून मुंबईला परतलेले कमांडर दिलीप दोंदे यांची सही अजून आमच्याकडे नाही. कुणाकडे असेल तर योग्य भावाने घेऊ. विकायची नसेल तर निदान मढवायला तरी आणा.