बोलत राहा, समोरचा लिहितो आहे

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, सॉफ्टवेअर कंपन्यांमधल्या मुलाखतींबद्दल कुणाचा फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक तोच असतो: लीटकोडवरचे (कोडिंगच्या सरावाची वेबसाइट) किती प्रश्न सोडवले म्हणजे पुरे? प्रश्न सोडवावे लागतातच, त्यात दुमत नाही. पण अमेरिकेत आधी उमेदवार म्हणून बसले आणि आता गेली काही वर्षं मुलाखती घेते आहे, त्यावरून माझं ठाम मत झालंय. आपली मुलं अल्गोरिदममध्ये कमी पडत नाहीत. ती गप्प बसतात, आणि तिथेच हाताशी आलेली नोकरी जाते.

आधी प्रक्रिया थोडक्यात सांगते. रिक्रूटरचा, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्याचा, अर्ध्या तासाचा फोन, मग पाऊण ते एक तासाची एक तांत्रिक फेरी, आणि ती पार पडली की चार-पाच मुलाखतींचा अख्खा दिवस. या दिवसाला ‘ऑनसाइट’, म्हणजे कंपनीत जाऊन दिलेली मुलाखत, म्हणतात, मग तो घरी लॅपटॉपसमोर बसून का जाईना. अलीकडे काही कंपन्या त्यातली एखादी फेरी पुन्हा समोरासमोर घ्यायला लागल्या आहेत. साधारणपणे दोन कोडिंगच्या, एक सिस्टिम डिझाइनची (मोठी यंत्रणा कशी उभी कराल याची) आणि एक आधीच्या कामातल्या प्रसंगांवरची, अशी वाटणी असते.

खरी गोष्ट पुढेच घडते. मुलाखत संपली की घेणाऱ्याला सविस्तर अहवाल लिहावा लागतो. प्रश्न काय दिला, उमेदवाराने आधी काय विचारलं, कुठे अडला, हिंट दिल्यावर काय केलं, कोड किती चालला, सगळं. निर्णय या कागदांवर होतो. गूगलची नेमणूक समिती प्रसिद्धच आहे. त्या समितीत बसणाऱ्यांनी उमेदवाराला पाहिलेलंही नसतं. ॲमेझॉनमध्ये १९९९ पासून ‘बार रेझर’ नावाची पद्धत आहे. बार रेझर म्हणजे ज्या टीमला माणूस हवाय तिच्या बाहेरचा मुलाखतकार. जागा भरायची घाई त्याला नसते, आणि शेवटच्या चर्चेत त्याच्या मताला मोठं वजन असतं. म्हणजे तुम्ही मनातल्या मनात कितीही सुंदर विचार केलात तरी तो अहवालात उतरला नाही, तर निर्णय घेणाऱ्यांपुढे तो नसतोच.

मी विचारायचे असा एक जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला प्रश्न घ्या. दिवसभरातल्या मीटिंगच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा दिल्या आहेत. कमीत कमी किती खोल्या लागतील? एका मुलाने प्रश्न वाचला, मान डोलावली आणि थेट टाइप करायला घेतलं. मधे मी दोनदा विचारलं, ‘‘काय विचार चाललाय?’’ दोन्ही वेळा उत्तर आलं, ‘‘एक मिनिट, जवळजवळ झालंच.’’ कोड बराचसा बरोबर होता. पण मला लिहायला काय मिळालं? उमेदवाराने हीप (सर्वात लहान आकडा चटकन देणारी रचना) वापरला, एका ठिकाणी चूक राहिली, का वापरला ते सांगितलं नाही. हा प्रश्न त्याला आधीपासून पाठ होता की इथे सुचला, हेसुद्धा मला सांगता येईना.

त्याच प्रश्नावर एका मुलीने पहिली दोन मिनिटं कीबोर्डला हातच लावला नाही. तिने विचारलं, ‘‘एक मीटिंग दहाला संपते आणि दुसरी दहालाच सुरू होते, तर एक खोली चालेल का?’’ मग विचारलं, ‘‘यादी वेळेनुसार लावलेली आहे असं धरू का? आणि मीटिंग साधारण किती असतील?’’ पुढे म्हणाली, प्रत्येक मीटिंग दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून बघता येईल, पण यादी मोठी झाली की ते परवडणार नाही. त्यापेक्षा सुरुवातीच्या वेळा वेगळ्या आणि शेवटच्या वेळा वेगळ्या क्रमाने लावते, एक सुरू झाली की खोली वाढवते, एक संपली की कमी करते, आणि मधला सर्वात मोठा आकडा म्हणजे उत्तर. कोड लिहून झाल्यावर तिने स्वतःच दहा वाजताचं उदाहरण हाताने चालवून पाहिलं. तिथे दोन वेळा सारख्या असताना आधी सुरुवात मोजली जात होती, म्हणून एक खोली जास्त येत होती. तिने ते बोलून दाखवलं आणि तुलनेचं एक चिन्ह बदललं. माझं पान भरलं होतं. कोडमध्ये दोघांचीही एकेक चूक होती, हे लक्षात घ्या.

कुणी बघत असताना विचार करणं अवघड असतं, हे मला पूर्ण मान्य आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांनी मुलाखतकारासमोर फळ्यावर बोलत बोलत प्रश्न सोडवला, निम्म्यांनी तोच प्रश्न बंद खोलीत एकट्याने. कुणीतरी बघतंय एवढ्यानेच कामगिरी निम्म्याहून खाली आली. त्यातही मुलींचा निकाल वाचून मला फार वाईट वाटलं: लोकांसमोर सोडवणाऱ्या मुलींपैकी एकही उत्तीर्ण झाली नाही, एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या झाल्या. नमुना छोटा आहे, तरीही ही पद्धत उमेदवारांवर अन्याय करते असं मला वाटतं. ती बदलेपर्यंत उपाय एकच. एकट्याने आणखी शंभर प्रश्न सोडवण्यापेक्षा मैत्रिणीला समोर बसवून, घड्याळ लावून, मोठ्याने बोलत थोडे प्रश्न सोडवा. आणि ते इंग्रजीत बोला. मनात मराठी आणि तोंडी इंग्रजी असा प्रवास पहिल्यांदा मुलाखतीतच करायची वेळ येऊ देऊ नका.

हिंटबद्दलही सांगायला हवं. ‘‘इथे ही यादी रिकामी असली तर?’’ असं मुलाखतकाराने विचारलं की पुष्कळ मुलांचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं गुण कापले गेले. बहुतेक वेळा तसं काही नसतं. आम्ही वाट दाखवत असतो. ‘‘हो, ते राहिलं, आता दुरुस्त करते’’ एवढं म्हणून पुढे जायचं. हिंट धुडकावून आपलंच खरं करणारा उमेदवार मात्र अहवालात वाईट दिसतो, कारण उद्या कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, तो असाच वागेल असा अंदाज बांधला जातो.

मॅनहोलचं झाकण गोल का, विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील, असल्या कोड्यांची तयारी आता सोडून द्या. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझलो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीर सांगितलं होतं की ही कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

प्रसंगांवरच्या फेरीत आपल्याकडच्या मंडळींची वेगळीच अडचण होते. ‘‘आम्ही सर्व्हर बदलला, आम्ही वेळ निम्म्यावर आणला.’’ सगळीकडे आम्ही. मी मी करू नये हे लहानपणापासून अंगी मुरलेलं असतं आणि ते चांगलंच आहे, पण मुलाखतकाराला तुमच्या टीमला नोकरी द्यायची नसते. तुम्ही स्वतः काय ठरवलंत, कुणाशी मतभेद झाला, तो कसा मिटला, हे त्याला लिहायचं असतं. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने सात-आठ प्रसंग आधी लिहून काढा. ॲमेझॉनला अर्ज करत असाल तर त्यांची १६ नेतृत्वतत्त्वं उघड प्रसिद्ध आहेत; प्रश्न त्यांवरूनच येतात.

सिस्टिम डिझाइनमध्ये आधी आकडे मांडा. रोज १० कोटी विनंत्या येतात असं गृहीत धरलं, तर दिवसाचे ८६,४०० सेकंद म्हणजे सेकंदाला साधारण १,१६०. गर्दीच्या वेळी त्याच्या काही पट. एवढं बोललात की एक डेटाबेस पुरेल का, कॅश (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा साठा) कुठे हवा, ही पुढची चर्चा आपसूक सुरू होते. काफ्का आणि रेडिस या तयार साधनांची नावं पहिल्याच मिनिटाला घेणाऱ्याला आमचा पुढचा प्रश्न ‘‘कशासाठी?’’ हाच असतो.

नकार आला तर कारण बहुतेकदा कळत नाही. कायदेशीर झंझट नको म्हणून कंपन्या ठरावीक दोन ओळींची ईमेल पाठवतात. तो तुमच्या लायकीचा निकाल नसतो. होमब्रू हे सॉफ्टवेअर लिहिणारे मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये जाहीर लिहिलं होतं की गूगलचे बहुतेक इंजिनिअर ते वापरतात, पण बायनरी ट्री (झाडासारखी फांद्या फुटणारी माहितीची रचना) उलटा करता आला नाही म्हणून आपल्याला नकार मिळाला. बऱ्याच कंपन्या सहा महिने ते वर्षभराने पुन्हा अर्ज करू देतात. जरूर करा.

पगाराचा विषय निघाला तर एक माहिती हाताशी असू द्या. कॅलिफोर्नियात २०१८ पासून कंपनीला उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही, आणि २०२३ पासून १५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीतच पगार कुठून कुठपर्यंत ते द्यावं लागतं. भारतातल्या सवयीने आपणहून जुना आकडा सांगून बसू नका.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असताना नोकरी गेलेल्यांसाठी. कायद्याने जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी मिळून तिथल्या कंपनीचा व्हिसाचा अर्ज दाखल व्हावा लागतो, नाहीतर दुसरा काही व्हिसा शोधायचा किंवा देश सोडायचा. आणि मुलाखतींचं गाडं नेहमीच्या चालीने सहज पाच-सहा आठवडे घेतं. माझ्या एका मैत्रिणीने हे दिवस काढले. सकाळी मुलाखत, दुपारी वकील, संध्याकाळी मुलीच्या शाळेत काय सांगायचं याचा घोर. तिला वाटायचं, व्हिसाचं आधी सांगितलं तर दारच बंद होईल, म्हणून ती शेवटपर्यंत थांबायची. एका रिक्रूटरला मात्र तिने पहिल्याच फोनवर तारीख सांगून टाकली. त्याने पाचही मुलाखती पुढच्याच आठवड्यात दोन दिवसांत बसवल्या आणि व्हिसा बघणाऱ्या विभागाला तेव्हाच कळवून ठेवलं. अर्जातच ‘‘आता किंवा पुढे व्हिसासाठी कंपनीची स्पॉन्सरशिप लागेल का?’’ असा रकाना असतो, तिथे खरं ते लिहायचंच असतं. तेव्हा लपवून काही साधत नाही. तुमच्यापैकी कुणी सध्या या ६० दिवसांत असेल तर आजच आपल्या रिक्रूटरला शेवटची तारीख लेखी कळवा, आणि ज्या कंपन्यांशी बोलणं चाललंय त्या सगळ्यांना कळवा.