२० लिटरची पेटी

कोस्टा रिकात तारासू भागात कॉफीच्या शेतांचं सर्टिफिकेटसाठी ऑडिट करते मी. लोकांना वाटतं आम्ही कॉफी चाखत फिरतो, पण हंगामात माझा निम्मा दिवस मजुरांचे संडास, पिण्याचं पाणी आणि फवारणीच्या नोंदी बघण्यात जातो. उरलेला पावत्यांमध्ये.

इथे तोडणीची मजुरी मापावर देतात. काहुएला म्हणजे २० लिटरची पत्र्याची पेटी, पिकल्या फळांनी भरली की साधारण १३ किलो. अशा २० पेट्यांचा एक फानेगा, त्यातून शेवटी ४६ किलोच्या आसपास हिरवी, म्हणजे न भाजलेली कॉफी निघते. पेटीला कमीत कमी किती मजुरी द्यायची ते सरकार ठरवतं, पण शेतातली पेटी खरंच २० लिटरची आहे का हे कोण बघतं? माझे आजोबा पायलीवर शीग चढवू द्यायचे नाहीत, हात फिरवून सपाट करायला लावायचे, त्यामुळे मीसुद्धा पहिलं तेच बघते. त्या दिवशी एका शेतात पेटीवर शीग नव्हती, मुकादम पट्टीने नीट सपाट करत होता, मी टिकमार्क करून पुढे निघाले.

तोडणीवाल्यांत पनामाकडून आलेलं एक न्गाबे आदिवासी कुटुंब होतं. त्यातली बाई कमरेची टोपली सोडता सोडता हळूच म्हणाली, "वरून काय बघताय, तिच्या पोटाकडे बघा."

पेटी उलटी केली तर तळ बाहेर आलेला, दोन बाजूही फुगलेल्या. मी एक लिटरचं खुणांचं भांडं मागवलं. पाणी ओतलं तर सांध्यातून गळायला लागलं, मग आत प्लास्टिकची पिशवी नीट बसवून परत पहिल्यापासून. २० झाले तरी काठ दूर. २१ झाले. काठाला पाणी लागलं तेव्हा २१ लिटर ३०० मिली. तीनदा मोजलं, दरवेळी तेवढंच. दिवसाला १० पेट्या तोडणाऱ्या बाईची १३ लिटर फळं, म्हणजे अर्ध्या पेटीहून जास्त, रोज फुकट.

मालक म्हणाला, पेटी वडलांच्या वेळची आहे, वापरून वापरून फुगली. फुगली असेलही. पण संध्याकाळी हाच माल कॉफी गिरणीच्या खरेदी केंद्रावर कायदेशीर मापाने परत मोजला जातो. फळं ट्रकमध्ये हेलकावे खात खाली बसतात, म्हणजे तिथे आकडा जरा कमी भरायला हवा. याचा रोज जास्त भरत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं असं मी मानणार नाही.

मला जास्त त्रास याचा होतो की या देशात एकोणिसाव्या शतकात कॉफी लावणाऱ्याला सरकारने जमीन फुकट दिली, त्यातून हे छोटे शेतकरी उभे राहिले. पुढे गिरणीवाले भावात लुटतात म्हणून या शेतकऱ्यांनीच आवाज उठवला आणि १९३३ साली त्यांच्या बाजूने कॉफी संस्था निघाली. मापात पाप म्हणजे काय हे ज्यांनी पिढ्यानपिढ्या सोसलं त्यांच्याच शेतात ही पेटी.

आणि मी? मजुरांच्या पेट्यांची वही आणि केंद्राच्या पावत्या, दोन्ही कागद गेल्या वर्षी माझ्याच फाइलमध्ये होते. दोन्ही तपासले, सही केली, सर्टिफिकेट मिळालं. एकातून दुसरं वजा केलं नाही. आमच्या चेकलिस्टमध्ये ती वजाबाकीच नाही, दोन कागद आहेत का एवढंच विचारतात, आणि असल्या चेकलिस्टवर लोक जास्त पैसे मोजून कॉफी घेतात याची मला खरोखर चीड येते.

दुसऱ्या दिवशी नवी पेटी आली. मी त्या बाईसमोर मोजून दाखवली, बरोबर २० लिटर. तिने काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आणि मागच्या वर्षीचं?"

रिपोर्टमध्ये मी मागच्या हंगामाची थकबाकी लिहिली तर ऑफिसने परत पाठवला, फक्त चालू वर्षाचं लिहा म्हणून. तेव्हापासून रात्री घरी बसून मागच्या हंगामाच्या पावत्या आणि वही दिवसादिवसाने जुळवतेय. काल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आले.