तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांचं जुनं अक्षर मला लागतं कसं

"अहो, तुम्ही कराडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या, आणि इंग्रजांनी चारशे वर्षांपूर्वी लिहिलेली घराजमिनीची कागदपत्रं, जी आता इंग्रजांनाही वाचता येत नाहीत, ती तुम्हाला लागतात कशी?" पुण्याहून येणारे पाहुणे विचारतात, इकडे इंग्लंडातल्या मराठी मंडळातल्या काकू विचारतात, शेजारचे अस्सल यॉर्कशायरचे आजोबा तर दर ख्रिसमसला विचारतात. म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं.

खरं उत्तर असं की मी इंग्रजी सराईतपणे वाचत नाही म्हणूनच मला ते लागतं. उगाच विनय म्हणून नाही सांगत. ज्याचं आयुष्य इंग्रजीत गेलंय त्याचा डोळा शब्दाच्या टोकांना हात लावतो आणि मधलं आपलं आपण भरून टाकतो, आजच्या छापील मजकुरात ते चालून जातं, पण १६२० सालच्या डीडवर, म्हणजे घराजमिनीच्या दस्तावर, तोच डोळा दगा देतो, कारण तिथे भरायला जे शब्द डोक्यात आहेत ते आजचे असतात. मी अजूनही अनोळखी इंग्रजी शब्द आला की अक्षर अक्षर लावत जाते. आणि या कामात तेवढंच तर करायचं असतं!

आता हे कागद म्हणजे काय ते सांगते. कागद म्हणते खरी, पण बहुतेक वेळा ते चर्मपत्र असतं, मेंढीच्या कातड्याचं. त्यावर खाडाखोड करायला गेलं की खरवडलेली जागा दिसते, म्हणून मुद्दाम मेंढीचंच वापरायचे, फसवाफसवी नको. वरची कड नागमोडी कापलेली असते. एकाच कातड्यावर मजकूर दोनदा लिहून मध्ये वेडावाकडा काप द्यायचा, एक भाग याच्याकडे एक त्याच्याकडे, भांडण झालं तर कडा जुळवून बघायच्या. पुढे पुढे कडा जुळवायचं राहिलं, नुसतं वरती नागमोडी कापायची रीत तेवढी उरली. आमच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये, म्हणजे जुने दस्तऐवज सांभाळणाऱ्या दफ्तरात, मी व्हॉलंटिअर म्हणून जाते तिथे असे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल, आणि हो, सिनेमात दाखवतात ते पांढरे हातमोजे कुणी घालत नाही, हात धुऊन कोरडे केले की झालं.

इतके गठ्ठे आले कुठून हेही लोक विचारतात. पूर्वी घर विकायचं तर मालकी सिद्ध करायला जुन्या डीड्सची अख्खी साखळी दाखवावी लागायची, म्हणून सॉलिसिटर लोक पिढ्यान्‌पिढ्या ती पेट्यांमध्ये सांभाळायचे. १९२५ च्या कायद्यानं सांगितलं की मागची ३० वर्षं दाखवलीत तरी पुरे (आता तर १५). झालं, बाकीचं सगळं एका रात्रीत रद्दी. कितीतरी चर्मपत्रांच्या चक्क लॅम्पशेड झाल्या. मला अजूनही अँटिकच्या दुकानात तसली शेड दिसली की मी मान वाकडी करून ती वाचायला लागते आणि नवरा दुकानाबाहेर जाऊन उभा राहतो. यॉर्कशायरचं एक बरं, इथे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून डीड्सची सरकारी नोंद व्हायची, वेस्ट रायडिंगची (यॉर्कशायरचा पश्चिम भाग) रजिस्ट्री वेकफिल्डला १७०४ साली सुरू झाली ती थेट १९७० पर्यंत चालली. इंग्लंडच्या बहुतेक भागांत असं काही नव्हतंच.

तर अक्षर. सोळाव्या-सतराव्या शतकात जे रोजचं अक्षर होतं त्याला सेक्रेटरी हँड म्हणतात. पहिल्यांदा बघाल तर वाटेल की हे इंग्रजी नाहीच. छोटा ई उलटा असतो, वर गाठ मारल्यासारखा. सी बघाल तर आर किंवा टी वाटेल. एच ओळीच्या खाली उतरून शेपूट फिरवतो. एस शब्दाच्या मध्ये असेल तर लांब उभा, एफसारखा, आणि शेवटी असेल तर वेगळाच. मोठा एफ म्हणजे दोन छोटे एफ शेजारी शेजारी. यू आणि व्ही एकच, आय आणि जे एकच. आणि सगळ्यात छळवादी म्हणजे आय, एम, एन, यू ही अक्षरं, सगळी नुसत्या उभ्या काड्यांची, आयवरचा टिंब लिहिणाऱ्याच्या मर्जीवर, म्हणजे सहा काड्या सलग आल्या तर ते दोन एम आहेत की तीन एन की आणखी काही हे काड्या मोजूनच ठरवायचं. मी खरंच पेन्सिलीचं टोक हवेत धरून मोजते. त्यात पुन्हा लेखनिक कंटाळला की एम किंवा एन लिहायचाच नाही, आधीच्या अक्षराच्या डोक्यावर एक आडवी रेघ द्यायचा. हे बघितल्यावर मला इतकं हसू आलं होतं, अहो हा तर अनुस्वार! माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना ही भानगड समजायला वेळ लागला, मला समजावून सांगावं लागलंच नाही.

पण नुसती अक्षरं ओळखून वाचता येत नाही. गंमत अशी आहे की डीडमधला बराचसा मजकूर ठरलेला असतो. धिस इंडेंचर मेड (इंडेंचर म्हणजे तोच नागमोडी कापलेला करार), मग तारीख, मग बिट्वीन, मग कोण कुणाला, मग विटनेसेथ, मग किती पैसे, मग मिळकतीचं वर्णन, मग टू हॅव अँड टू होल्ड, आणि शेवटी इन विटनेस व्हेअरऑफ. पूर्णविराम, स्वल्पविराम जवळजवळ नाहीतच, पण हे ठरावीक शब्द बहुतेक डीड्समध्ये जाड, मोठ्या अक्षरात काढलेले असतात, ते धरून धरून पुढे जायचं. लांबण इतकी की एकाच घराला मेसुएज, टेनमेंट, हेरेडिटामेंट असं सगळं म्हणून झाल्यावरही लेखनिकाचं समाधान होत नाही (मजकुराच्या लांबीवर पैसे मिळायचे, मग काय). वाचणाऱ्याला ही लांबण म्हणजे लॉटरी आहे. कारण तो काय लिहिणार हे मला आधीच माहीत आहे, म्हणून त्याचा एच कसा, सी कसा, के कसा हे मी त्या पाठ असलेल्या वाक्यांतून शिकून घेते आणि शेजारी कागदावर त्या एका माणसाची बाराखडी मांडते. प्रत्येक लेखनिकाची नवीन. हे न करता थेट वाचायला बसणारे लोक मी बघितलेत, पहिल्या तीन ओळी झकास आणि चौथ्या ओळीपासून कल्पनाविलास.

कारण ठरीव मजकूर संपतो तिथे खरं काम सुरू होतं. माणसांची नावं, शेतांची नावं, चतुःसीमा, रक्कम. तिथे अंदाज चालत नाही. एकदा एका शेताच्या नावावरून आमच्याकडे दोन दिवस वाद चालला, सगळे टार म्हणत होते, डांबराशी संबंध असेल वगैरे थिअरीही तयार झाली. मी त्या लेखनिकाचा एकर आणि क्लोज (म्हणजे कुंपण घातलेलं शेत) या शब्दांमधला सी काढून दाखवला, मग त्याचा टी काढून दाखवला, आणि ते कार निघालं, दलदलीच्या जमिनीला उत्तर इंग्लंडात म्हणतात ते. नदीकाठचं शेत होतं, बरोबरच होतं. मी इंग्रज नसल्यानं मला टार हा शब्द आपोआप सुचलाच नव्हता, एवढाच माझा मोठेपणा.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. एकाच डीडमध्ये एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. अशा वेळी मी मोठ्यानं वाचते. डोळ्याला न लागलेलं पुष्कळदा कानाला लागतं, आणि आपण लहानपणापासून जसं बोलतो तसंच लिहायला शिकलेले लोक आहोत, त्याचा फायदा होतो. आपल्या महाराजांचं नाव इंग्रजांच्या वखारीतल्या पत्रांत सेवाजी असं यायचं हे आठवा. ऐकलं तसं लिहिलं. ती पत्रं याच काळातली, लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि हे अक्षर शिकलेल्या मराठी माणसासाठी तिथे आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे.

तारखांनी मात्र भल्याभल्यांना गंडवलंय. १७५१ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे डीडवर फेब्रुवारी १६९८ लिहिलंय तर ते आपल्या हिशोबानं फेब्रुवारी १६९९. आणि कित्येकदा आकडा नसतोच, अमुक राजाच्या अमुक वर्षी एवढंच. दुसरा चार्ल्स गादीवर आला १६६० मध्ये, पण त्याची पहिली डीड्स उघडाल तर राज्याचं बारावं वर्ष! कारण बापाचं मुंडकं उडवलं त्या दिवसापासून, ३० जानेवारी १६४९ पासून तो स्वतःला राजा धरत होता, मधली अकरा वर्षं देशात राजाच नव्हता ही गोष्ट हिशोबातून सरळ पुसून टाकली. मला ही कागदावरची दादागिरी भारी आवडते.

आणखी एक जागा जिथे वाचता येऊनही लोक चुकतात. जुन्या घराचे मालक डीड घेऊन येतात, म्हणतात बघा हो आमचं घर पाच शिलिंगला विकलं होतं. नाही हो. त्या काळी विक्रीची उघड नोंद टाळायला वकिलांनी युक्ती काढली होती, आज पाच शिलिंग घेऊन वर्षभराच्या भाडेपट्ट्यावर द्यायचं, भाडं एक मिरीचा दाणा, तोही मागितला तर, आणि उद्या दुसरा कागद करून मालकाचा उरलेला हक्क त्याच भाडेकरूला सोडून द्यायचा. लीज अँड रिलीज. खरी रक्कम त्या दुसऱ्या कागदात. १८४१ पर्यंत हे चाललं. म्हणून मिरीचा दाणा दिसला की मी आधी विचारते, याच्याबरोबरचा दुसरा कागद कुठाय?

हीच भाषा आपल्या मुंबईलाही लागलीय बरं का. २७ मार्च १६६८ च्या सनदेनं दुसऱ्या चार्ल्सनं मुंबई कंपनीला दिली ती वर्षाला १० पौंड भाड्यानं, आणि सनदेत म्हटलंय की मुंबई धरायची ती ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरप्रमाणे, म्हणजे तिथल्या जहागिरीप्रमाणे. कुठे कुलाबा, कुठे माहीम आणि कुठे टेम्सकाठचं ग्रीनिच! पण डीड्स वाचणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, राजाकडून जमीन घेतलेल्या कागदांमध्ये हे ईस्ट ग्रीनिच सारखं भेटतं, ठरलेलं वाक्य, लेखनिकानं नेहमीसारखं ठोकून दिलं. त्या ठोकून दिलेल्या वाक्यात मुंबई बसली.

मोडी येते का म्हणून मी वाचू शकते का, हेही एक ठरलेलं. थोडीफार येते, आजोबांचे कागद होते घरी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, शब्द तोडत नाहीत, हात न उचलता लिहीत जायचं, त्यामुळे न तुटलेल्या ओळीला घाबरायचं नाही एवढं बाळकडू तिथे मिळालं. पण खरं सांगते, मोडी जास्त अवघड आहे, कारण या इंग्रजी अक्षराची शिकवणी फुकट आणि घरबसल्या मिळते. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जनं १५०० ते १८०० च्या अक्षराचा ऑनलाइन अभ्यासक्रम ठेवलाय, खरे दस्तऐवज, खाली लिहायला जागा, चुकलं की दाखवतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचणारे हवे झाले तेव्हा आपली किती धावपळ झाली ते तुम्ही पाहिलंच.

सॉफ्टवेअर आलंय ना आता, मग तुम्ही कशाला? आलंय, ट्रान्सक्रिबस वापरते मी, एकाच हातानं भरलेलं जाडजूड रजिस्टर असेल तर फारच छान काम करतं. पण ठरीव मजकूर त्यालाही माझ्यासारखाच पाठ असतो, आणि शेताचं नाव आलं की तेही त्या इंग्रज मंडळींसारखं ओळखीचा शब्द बसवून मोकळं होतं.

शिकायचं असेल तर उलटं चाला. आधी १८०० च्या आसपासची डीड्स घ्या, ती गोल सुंदर अक्षरात असतात, कुणालाही वाचता येतात, त्यातून ठरीव मजकूर पाठ करा आणि मग एकेक पिढी मागे जा. १७३३ च्या अलीकडचं म्हणजे बरंच सुखाचं, त्या वर्षीच्या २५ मार्चपासून कोर्टाच्या कागदांत लॅटिन आणि कोर्ट हँड, म्हणजे कोर्टाचं खास वळणाचं अक्षर, कायद्यानं बंद झालं. त्याआधीचे कोर्टाचे कागद हातात पडले तर लॅटिन येणारा मित्र शोधा, मी शोधलाय. उतारा करताना जसं आहे तसंच लिहा, स्पेलिंग सुधारू नका, तुम्ही भरलेली अक्षरं चौकटी कंसात टाका, लागलं नाही तर रिकामी जागा सोडून प्रश्नचिन्ह द्या. रिकामी जागा सोडायला लोकांना फार लाज वाटते, का ते मला कळत नाही.

आणि मला फोटो पाठवणार असाल तर, पाठवा, मला आवडतं, पण वरच्या लॅम्पच्या उजेडात नको, खिडकीशी, बाजूनं येणाऱ्या उजेडात काढा, आणि डीडची मागची बाजूही पाठवा. घडी घातल्यावर बाहेर दिसेल अशा जागी लेखनिक दोन-चार ओळींत कोणाचं, कोणाला, कधी आणि कशाचं ते लिहून ठेवायचा. सगळ्यांना पुढचं वाचायची घाई असते, मी आधी मागचं वाचते.