मावशी-काका म्युनिकला आले तेव्हा

पाहुणे बोलवायचे म्हटलं की लोक आधी विमानाची तिकिटं बघायला लागतात. जर्मनीत राहणाऱ्याने सुरुवात हमीपत्रापासून करावी. पाहुण्यांच्या राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा आणि वेळ आलीच तर परत पाठवण्याचा खर्च मी उचलेन, असं त्यात लिहून द्यायचं असतं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट घ्यायची, पगाराच्या स्लिपा, घराचा भाडेकरार, स्वतःचं रेसिडेन्स परमिट दाखवायचं आणि 29 युरो भरायचे. नवऱ्याने सही करण्याआधी तो मजकूर दोनदा वाचला, आणि ते बरोबरच होतं. मूळ कागद मी कुरिअरने भारतात पाठवला. तो कार्यालयाने दिल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत व्हिसाचा अर्ज व्हायला हवा, म्हणून हे काम फार आधी करण्यातही अर्थ नसतो.

पुढचं सरळ होतं. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी माणशी 90 युरो, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस मुक्काम आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासी विमा. विम्याची मेख वेगळीच. आधीपासून असलेल्या दुखण्यांना बहुतेक पॉलिसी हात लावत नाहीत, आणि काकांचं ब्लडप्रेशर जुनं, मावशीचे गुडघे त्याहून जुने. म्हणून पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि जेनेरिक नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवायला सांगितलं.

बॅगेवरून वाद झालाच, पण वजनावरून नव्हे, तुपावरून. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, सगळं त्यात आलं. "घरचं तूप आहे, त्यांना काय त्रास आहे त्याचा?" असं मावशी फोनवर दोन-तीनदा म्हणाली. शेवटी इथे बिनमिठाचं लोणी आणून तिनेच कढवलं आणि विषय मिटला.

ते गेल्या वर्षी, म्हणजे 2025च्या जुलैत आले. फिरण्याचा आराखडा मी दोनच गोष्टींवर बेतला होता: पायऱ्या किती आणि शौचालय कुठे. ऐकायला हे गद्य वाटतं, पण सत्तरीच्या माणसांना फिरवायचं असेल तर यापेक्षा कामाची माहिती नाही. स्टेशनांवरच्या शौचालयांना बहुधा एक युरो पडतो, म्हणून मावशीच्या पर्समध्ये नाण्यांची वेगळी डबी असायची. मारिएनप्लाट्झला, म्हणजे म्युनिकच्या मधल्या चौकात, सगळे सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यावर चढतात. त्याला 306 पायऱ्या, लिफ्ट नाही. आम्ही समोरच्या नव्या टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर गेलो, तिथे लिफ्ट आहे. त्याआधी अकरा वाजता खालून घड्याळातल्या बाहुल्यांचा नाच पाहिला. मावशीने मान दुखेपर्यंत पाहिला. काकांना तो लांबला असं वाटलं. मलाही तसंच वाटतं.

काका एसटीतून निवृत्त झालेले. त्यांचं लक्ष सगळं वाहनांवर. दोघांना डॉइचलांडटिकिट काढून दिलं होतं, तेव्हा महिन्याला 58 युरो, देशभरच्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारं, फक्त लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना नाही. हे तिकीट दरमहा आपोआप नवं होतं. नको असेल तर त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करायचं. पाहुण्यांचं तिकीट काढता काढताच फोनवर गजर लावून ठेवलेला बरा. स्टेशनात फाटक नाही, गाडीत कंडक्टर नाही, हे काकांना काही केल्या पटेना. एके दिवशी साध्या कपड्यातल्या तपासनीसाने ओळखपत्र पुढे केलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. विनातिकीट सापडलं तर 60 युरो, हे कळल्यावर म्हणाले, "आता कसं! म्हणजे खातं आहे कुठेतरी."

नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा मात्र टाळता येईना, कारण मावशीने त्याचा फोटो कॅलेंडरवर पाहिलेला. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत साधारण दोन तास गाडी, तिथून बस. प्रवेशाची वेळ ठरलेली असते, त्यामुळे तिकीट ऑनलाइन आधीच घ्यावं. घोडागाडी वर नेते खरी, पण दारापर्यंत नाही. शेवटचा चढ पायीच. आत 165 पायऱ्या वर आणि 181 खाली. मी हे आकडे आधीच सांगितले होते. मावशी म्हणाली, "रोज दोन जिने चढते की मी." चढलीही, प्रत्येक वळणावर थांबत, गाइड पुढे निघून जाई आणि काका मागे राहून तिच्यासोबत उभे राहत.

काकांना वाडा आवडला नाही. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने 1869 मध्ये पाया घातला, 1886 मध्ये तो वारला तोवर बांधकाम अर्धवटच होतं, आणि सात आठवड्यांत ते तिकीट लावून लोकांना खुलं झालं. "लढाई एकही नाही? मग बुरूज कशाला?" हा त्यांचा प्रश्न. पण घरी परतल्यावर गंमत झाली. त्याच जुलैत, युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात, आधी रायगड-शिवनेरीसह आपले बारा किल्ले आणि दुसऱ्या दिवशी लुडविगचे हे राजवाडे जागतिक वारसा यादीत गेले. बातमी वाचून काका म्हणाले, "एका पंगतीत बसवलं म्हणायचं," आणि मग त्यांनी भारतातल्या निम्म्या नातेवाइकांना फोन लावले.

अशा मोठ्या दिवसानंतरचा दिवस मी पूर्ण मोकळा ठेवत असे. रविवारी दुकानं बंद असतातच, त्यामुळे तो दिवस आपोआप मोकळा. जुलैत नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे रात्रीची जेवणं मागे पडली आणि सगळ्यांची झोप बिघडली; त्यावर पडदे जाड लावणे एवढाच उपाय सापडला.

सर्वांत सोपी निघाली ती सर्वांत उंच जागा. त्सुगश्पित्से, 2962 मीटर, जर्मनीचं सर्वोच्च शिखर. ब्लडप्रेशरमुळे काकांच्या डॉक्टरांना आधी विचारलं होतं. आइबझे तलावापासून केबल कार दहाएक मिनिटांत वर सोडते. भाडं जबर आहे, डॉइचलांडटिकिट चालत नाही, तरी माझ्या मते पैसे तिथेच खर्चावेत. वर गच्चीवर ऑस्ट्रियाची हद्द आहे. पाटी ओलांडून आम्ही पलीकडे गेलो. काकांनी पासपोर्ट काढला आणि शिक्का कुठे मिळतो ते विचारलं. मिळत नाही म्हटल्यावर मावशी वैतागली: "मग ऑस्ट्रिया पाहिला हे सांगायचं कशावरून? उभे राहा तिथे, पाटी दिसू दे."