पुरोहिताच्या रकान्यात माझं नाव

महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी करायची तर नमुना ‘ड’ भरावा लागतो. त्यात वराची माहिती, वधूची माहिती, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव, पत्ता, सही. मी सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे जोतीराव फुल्यांनी घालून दिलेल्या भटजीशिवायच्या रीतीने, लग्नं लावते, त्यामुळे त्या शेवटच्या रकान्यात माझं नाव असतं. बरीच वर्षं त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मग आमच्या तालुक्याच्या गावी नोंदणीच्या टेबलावर नवा माणूस आला आणि माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा अर्ज त्याने परत केला. ‘भटजींची सही आणा,’ एवढंच तिला सांगितलं. तिच्या नवऱ्याला परदेशी नोकरी लागली होती आणि व्हिसासाठी विवाहाचा दाखला हवा होता.

मी स्वतः जाऊन भेटले. तो मुलगा उद्धट अजिबात नव्हता. उठून खुर्ची दिली आणि म्हणाला, ‘बाई, तुमच्याकडे लग्न लावण्याची सरकारी मान्यता असेल तर तिची प्रत द्या, मी लगेच घेतो.’ अशी कुठलीच प्रत माझ्याकडे नव्हती. माझ्या सासूबाईंचं लग्न लावणाऱ्यांकडेही नव्हती आणि आमच्या अख्ख्या चळवळीत ती कुणी पाहिलेली नव्हती. पण प्रश्न रास्त होता. लग्न लावण्याची मान्यता देतं कोण, आणि ती मागायची कुठे? याचं उत्तर शोधण्यातच पुढचे कित्येक महिने गेले.

सुरुवात ओळखीच्या एका पाळकसाहेबांपासून केली, कारण त्यांच्याकडे खरोखरचा परवाना होता. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम १८७२ सालचा. त्याच्या पाचव्या कलमात लग्न कोण लावू शकतो याची यादीच आहे. बिशपकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू, चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मगुरू, सरकारने नेमलेले विवाह निबंधक, आणि राज्य सरकारने परवाना दिलेले धर्मोपदेशक. पाळकसाहेबांची मंडळी लहान आणि स्वतंत्र. त्यांना बिशप नाही, म्हणून त्यांनी सहाव्या कलमाखाली परवाना काढला होता. अधिकार नसताना लग्न लावलं तर त्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे. लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत लावायचं हेसुद्धा लिहिलेलं आहे. पाळकसाहेबांनी आपली नोंदवही मला पानापानाने दाखवली. तिची शिस्त पाहून मला वाटलं, आपल्यालाही असाच परवाना मिळाला तर किती बरं होईल.

तो मिळत नाही, कारण हिंदू विवाह कायद्यात परवाना ही कल्पनाच नाही. आमच्या वकीलताईंनी हे समजावलं तेव्हा आधी पटेना. पारशी कायद्यात, १९३६ च्या, आशीर्वादाचा विधी पारशी धर्मगुरूने दोन पारशी साक्षीदारांसमोर करावा असं आहे. मुसलमानांसाठी १८८० चा काझी कायदा आहे. सरकार काझी नेमू शकतं, पण तो हजर नसला म्हणून निकाह अडत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मात्र लग्न लावणाऱ्याबद्दल गप्प आहे. सातवं कलम एवढंच म्हणतं की दोघांपैकी कुणाही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे चालत आलेल्या विधींनी लग्न लावता येतं. पुरोहित ब्राह्मण असावा, पुरुष असावा, नोंदणीकृत असावा, किंबहुना पुरोहित असावाच, असं तिथे काहीही नाही. दारोदार लग्न लावत फिरणाऱ्या कुठल्याही भटजीकडे सरकारी कागद नसतो, आणि तो त्यांना कुणी मागतही नाही.

मग आम्ही त्या कायद्यात बसतो का? दुसऱ्या कलमात नावं आहेत. वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो समाज, प्रार्थना समाज, आर्य समाज, पुढे बौद्ध, जैन, शीख. सत्यशोधक समाज नाही. हे वाचताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. जोतीरावांनी पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी समाज स्थापन केला, त्याच वर्षी डिसेंबरात पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लावलं. जुन्नर-ओतूर भागात तर अशी लग्नं लावणाऱ्यांवर ग्रामजोश्यांनी, म्हणजे गावच्या वतनदार भटजींनी, दक्षिणेच्या हक्कासाठी दावे लावले. लग्नासाठी कोर्टात उभं राहिलेल्या माणसांचा समाज आणि कायद्याच्या यादीत त्याचं नाव नाही. तरी वकीलताईंनी त्याच कलमाचा पुढचा भाग दाखवला. जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही त्याला हा कायदा लागू आहे. यादीत नाव नसलं तरी आम्ही बाहेर नव्हतो.

इतरांनी काय केलं तेही शोधलं, कारण हा प्रश्न पहिल्यांदा आम्हालाच पडलेला नव्हता. ब्राह्मो समाजाच्या लग्नांना आधार मिळावा म्हणून केशवचंद्र सेनांनी खटपट केली, त्यातून १८७२ चा तिसरा कायदा आला. पण त्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठलाच धर्म पाळत नाही असं लिहून द्यावं लागे. किती मोठी किंमत ही! शिखांना १९०९ मध्ये आनंद विवाह कायदा मिळाला, आर्य समाजाला १९३७ मध्ये आपले आंतरजातीय विवाह वैध ठरवणारा कायदा मिळाला. आणि तामिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात ‘७-अ’ हे नवं कलम घालून पुरोहिताशिवाय होणाऱ्या ‘स्वाभिमान विवाहां’ना थेट जागा दिली. नातेवाईक, मित्र किंवा इतर लोकांसमोर दोघांनी एकमेकांना समजणाऱ्या भाषेत स्वीकारल्याचं सांगायचं, किंवा एकमेकांना हार वा अंगठी घालायची, किंवा ताली (मंगळसूत्र) बांधायची, यातलं एक केलं की लग्न झालं. ते कलम मी तीन-चार वेळा वाचलं. जोतीरावांच्या महाराष्ट्रात ते नाही.

दरम्यान नोंदणी कार्यालयातून सुचवलं गेलं की मुलांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंद करून टाकावी. १९५४ च्या त्या कायद्याचं पंधरावं कलम आधी दुसऱ्या पद्धतीने झालेल्या लग्नांची नोंद करून घेतं, त्यालाही तीस दिवसांची जाहीर सूचना लागते. वाट सरळ होती आणि ज्यांना घाई आहे त्यांनी ती जरूर धरावी. पण माझी विद्यार्थिनी नाही म्हणाली. ‘बाई, आमचं लग्न झालंय. चारशे माणसांसमोर झालंय. ते झालं हेच त्यांनी लिहून द्यायचंय.’ तिच्या या वाक्याने मला पुढचं बळ दिलं.

आता उरली रूढी. तिची व्याख्या हिंदू विवाह कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखा पाळलेला नियम, ज्याला एखाद्या प्रदेशात, जमातीत, समाजात, गटात किंवा कुटुंबात कायद्याचं बळ आलेलं आहे. शिवाय तो निश्चित हवा, अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध नको. ‘दीर्घकाळ’ दाखवणं आम्हाला जड नव्हतं. घराघरांतून लोकांनी ट्रंका उघडल्या. आजोबांच्या लग्नाच्या पत्रिका निघाल्या, खाली ‘सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने’ असं छापलेल्या. जोतीरावांनी १८८७ साली छापलेल्या पूजाविधीच्या पुस्तिकेतल्या मंगलाष्टका हाताने उतरवलेल्या वह्या निघाल्या. १८८९ मध्ये खुद्द त्यांच्या दत्तक मुलाचं, यशवंताचं लग्न याच पद्धतीने झालं, ते तर इतिहासातच आहे. एका नव्वदीच्या आजींनी प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीने अंगठा घ्यायला शाई पुढे केली, तर त्या म्हणाल्या, ‘मला सही येते.’ आणि त्यांनी ती सावकाश, पूर्ण नावाने केली.

अडचण ‘एकसारखा’ या शब्दाशी आली. आमच्या वीस-पंचवीस गावांतल्या लग्नांचे कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की प्रत्येक गावचा विधी थोडा वेगळा आहे. कुठे अक्षता, कुठे फुलं. कुठे शपथ आधी, कुठे हार आधी. काही ठिकाणी वधू-वर मंगलाष्टका स्वतः म्हणत, काही ठिकाणी माझ्यासारखं कुणीतरी म्हणे आणि ते दोघं नुसते उभे राहत. हे मला सर्वांत खटकलं. त्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांची शपथ मागते आणि वर ती देतो. तो त्यांचा आपसातला संवाद आहे. तिसऱ्याने तो म्हटला तर शपथ दिली कुणी?

म्हणून बैठक बोलावली. ती दिवसभर चालली आणि चांगलीच तापली. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचं म्हणणं, ‘सप्तपदी घालून टाका, कोर्टाला ती कळते, कटकट मिटेल.’ अनेकांना ते पटत होतं. मी विरोध केला, आणि तत्त्वासाठी केला तितकाच कायद्यासाठीही केला. सातव्या कलमाचा दुसरा भाग सांगतो की विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. म्हणजे आपल्या पद्धतीत ती नसताना नावापुरती घातली आणि कुठे चार पावलांवर थांबलो, तर आपणच आपल्या मुलींची लग्नं अर्धवट ठरवायला हत्यार देऊ. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका द्विभार्या खटल्यात म्हटलं होतं की लग्न योग्य विधींनी साजरं झालेलं असावं लागतं, नुसतं नवरा-बायको म्हणून राहायचं ठरवून भागत नाही. तिथे रूढी सिद्ध झाली नाही आणि दुसरं लग्न करणारा सुटला. आणि २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. या दोन निकालांनी बैठकीचा सूर बदलला. सगळ्यांच्या ध्यानात आलं की दाखल्याच्याही आधी विधी भक्कम हवा. नवरा टाकून देतो, पोटगीचा दावा उभा राहतो, तेव्हा समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो ‘लग्न झालंच कुठे?’ हाच.

शेवटी एक क्रम ठरला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या प्रतिमांना वंदन, वधू-वरांनी स्वतः म्हणायच्या मंगलाष्टका, दोघांची शपथ, हार, फुलांचा वर्षाव, साक्षीदारांच्या सह्या. हळद, वाजंत्री, जेवणावळ ज्याने त्याने आपल्या हौशीने करावी, तो विधीचा भाग नाही. ठरावावर सगळ्या गावांच्या सह्या झाल्या.

कार्यालयात दुसऱ्यांदा गेलो ते जाडजूड फाइल घेऊन, वकीलताईंसह. नोंदणीच्या १९९८ च्या राज्य कायद्यात एक गोष्ट आहे जी प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. निबंधकाला नोंद नाकारायची असेल तर त्याने पक्षकारांचं म्हणणं ऐकून कारणं लेखी द्यावी लागतात, आणि त्यावर अपील करता येतं. तोंडी ‘होणार नाही’ ला काही अर्थ नसतो. आम्ही अर्ज पुन्हा दाखल केला, पोच घेतली आणि नाकारायचं असल्यास लेखी आदेश द्यावा असं विनंतीपत्र जोडलं. निबंधक साहेबांनी सुनावणीची तारीख दिली.

त्या दिवशी त्यांनी फाइल खरंच वाचली. मला विचारलं, ‘तुम्ही पुरोहित आहात का?’ मी म्हटलं, ‘साहेब, मी लग्न लावते. आमच्यात लग्न वधू-वर करतात, मी त्यांना ते नीट करायला मदत करते आणि ते झाल्याची साक्ष देते. तुमच्या रकान्यात यासाठी दुसरी जागा नाही, म्हणून तिथे सही करते.’ मग त्यांनी मुलीला विचारलं की लग्नात काय काय झालं. तिने क्रमाने सांगितलं, शपथेचे शब्द सांगितले. व्हिडिओ पाहिला. नव्वदीच्या आजींचं प्रतिज्ञापत्र त्यांनी दोनदा वाचलं असावं, कारण त्या पानावर बराच वेळ थांबले होते. नोंद झाली. पुरोहिताच्या रकान्यातल्या माझ्या नावाखाली माझीच सही राहिली आणि दाखला मुलीच्या हाती आला.

त्यानंतर प्रत्येक लग्नात आम्ही मांडवातच एक विधीपत्रक भरतो. त्यात विधीचा ठरलेला क्रम, तारीख, वेळ, ठिकाण, दोघांच्या जन्मतारखा, आधीचं लग्न नसल्याचं किंवा ते कायद्याने संपल्याचं निवेदन, साक्षीदारांची नावं-पत्ते आणि सगळ्यांच्या सह्या असतात. मुलीचं अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण झाल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय मी तारीखच देत नाही. एक प्रत जोडप्याला, एक आमच्या दप्तरात. शपथेच्या भागाचं सलग चित्रीकरण करायला सांगतो. फोटोवाले हाराचे फोटो भरपूर काढतात आणि शपथ चालू असताना कॅमेरा पाहुण्यांकडे फिरवतात, त्यांना आधीच बजावून ठेवावं लागतं.

शेजारच्या तालुक्यात मात्र हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि तिथल्या कार्यकर्त्यांना आमच्या फाइलची नक्कल पाठवली. एका निबंधकाने मान्य केलं म्हणून दुसऱ्याला ते बांधील होत नाही. त्यासाठीच तामिळनाडूसारखी दुरुस्ती महाराष्ट्राने करावी असं निवेदन आम्ही शासनाकडे दिलं आहे. विवाह हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे राज्याला ते करता येतं, तामिळनाडूने करून दाखवलं आहे. निवेदनासोबत ‘७-अ’ चा मराठी अनुवाद, आमचा ठराव आणि जुन्या पत्रिकांच्या नकला जोडल्या आहेत. तुमच्या घरात सत्यशोधक लग्नाची पत्रिका, फोटो किंवा मंगलाष्टकांची वही असेल तर तिची नक्कल काढून ठेवा, आणि त्या लग्नाला हजर असलेलं कुणी हयात असेल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र आधी करून घ्या.