ठ आला की उल्का पडायची

आमच्या आकाशदर्शन मंडळाचं वार्षिक संमेलन दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री व्हायचं. मिथुन राशीतला उल्कावर्षाव तेव्हा ऐन भरात असतो. अहवाल, जमाखर्च, नवी कार्यकारिणी हे सगळं संध्याकाळी अर्ध्या तासात उरकायचं. कार्यकारिणीत कोणालाच यायचं नसल्यामुळे निवडणूक म्हणून कधी झाली नाही. मग सतरंज्या उचलून सगळे मैदानावर. रात्रभर उताणं पडायचं, उल्का मोजायच्या आणि उजाडलं की घरी. वर्गणी घेताना मला एवढंच सांगितलं होतं. शब्दांच्या खेळांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

अंधाराचा नियम मात्र कडक. डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती सगळी कमाई घालवते. म्हणून आख्ख्या मैदानात विजेरी एकच, तिलाही लाल जिलेटिनचा कागद लावलेला, आणि ती नोंदवहीवाल्या ताईंच्या ताब्यात. मोबाइल बंद करून पिशवीत. आता बघा, पंधरा-वीस माणसं, मिट्ट काळोख, वाचायला-लिहायला काही नाही, शेजारच्याचं तोंड दिसत नाही, आणि जागं तर राहायचंय. संध्याकाळी मिथुन अजून खाली असते तेव्हा दोन उल्कांच्या मधे कधी कधी दहा-दहा मिनिटं कोरडी जातात. आधी गप्पा होतात. गप्पा संपल्या की माणूस शब्दांशी खेळायला लागतो. कागद-पेन्सिल लागणारं काही चालणार नव्हतं, सगळं तोंडी.

सुरुवात शब्दभेंड्यांनी. साध्या भेंड्यांना कोणी हरेना, म्हणून 'फक्त आकाशातले शब्द' अशी अट आली. मराठीत ळ आणि ण यांनी शब्द सुरू होत नाही, त्यामुळे ळ आला की ल घ्यायचा, ण आला की न, हा नेहमीचाच नियम. रोहिणीवरून 'नक्षत्र' म्हणून सुटता यायचं. मंगळ आला की जाणकार माणूस 'लंबवर्तुळ' टाकायचा, म्हणजे पुढच्याच्या गळ्यात पुन्हा ळ. त्यानं 'लघुग्रह' म्हणून जीव वाचवायचा. आमच्यातले निवृत्त गणिताचे सर दर वर्षी या लंबवर्तुळाचे दोन गुण मागायचे. केप्लरलाही लंबवर्तुळ मंगळाचा पाठलाग करतानाच सापडलं आणि १६०९ साली त्यानं ते छापलं, तेव्हा मंगळावरून लंबवर्तुळ म्हणणं हे नुसतं अक्षर जुळवणं नव्हे, असा त्यांचा मुद्दा. गुण त्यांना एकदाही मिळाले नाहीत.

हुकमाची पानं दोन होती: धनिष्ठा आणि ज्येष्ठा. दोन्हींच्या शेवटी ठ. ठ वरून आकाशात काहीही नाही, खात्री करून घ्या. 'ठिपका' म्हणून कोणी सूर्यावरच्या डागाकडे बोट दाखवलं, ते फेटाळलं गेलं. 'ठळक तारा' हे विशेषण म्हणून बाद. 'ठिणगी'वर अर्धा तास वाद झाला, कारण उल्का म्हणजे शेवटी ठिणगीच की. तीही गेली. त्यामुळे सगळे आपापली ज्येष्ठा जपून ठेवायचे आणि नेमक्या माणसाच्या आधी काढायचे. ज आणि ध आल्यावर जो सुस्कारा ऐकू यायचा तो मला आजही ओळखता येईल.

सुटकेची वाट एकच होती. उल्का दिसली की खेळ थांबायचा, ज्याच्यावर पाळी असेल त्याला तो शब्द माफ आणि नवं अक्षर. नियम करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण व्हायचं ते झालंच. कोणावर ठ आला की चार-पाच सेकंदांत तोच ओरडायचा, 'उल्का! तिकडे, खाली, झाडांजवळ!' सगळे मान वळवेपर्यंत ती अर्थातच विझलेली असायची. ताई निमूटपणे वेळ टिपायच्या.

पुढच्या बैठकीत सरांनी त्या वहीतली गणती वाचून दाखवली. चष्मा पुसला आणि म्हणाले, "उल्का ज्या बिंदूतून निघाल्यासारख्या दिसतात तो रात्री दोनच्या सुमारास सर्वांत उंच येतो, म्हणून तेव्हा संख्या वाढते, हे मला माहीत आहे. परंतु ज्येष्ठेनंतर उल्का वाढतात, याला मला काही शास्त्रीय आधार सापडला नाही." त्या वर्षापासून ताई संशयास्पद नोंदीपुढे बारीकसा 'ठ' लिहायला लागल्या. ठ लागलेली उल्का एकूण गणतीत धरायची नाही.

दुसरा खेळ ओठ न मिटता बोलण्याचा. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं वर्ज्य आणि एक मिनिट सलग बोलायचं. करून बघा. 'मी' म्हटलं की बाद, 'आपण' म्हटलं तरी बाद, आणि 'बरं' तर तोंडात बसलेलंच असतं. मोरोपंतांनी असं निरोष्ठ रामायण रचलं आहे. आमचा भलाभला गडी चाळीस सेकंदांत गारद व्हायचा. व म्हणताना खालचा ओठ दाताला लागतो, मग व चालेल का, हा वाद दोन संमेलनं पुरला. शेवटी व ला सोडून दिलं, कारण अंधारात ओठ बघणार कोण!

विषय 'आत्ता डोक्यावर काय आहे' असा असला की पंचाईत व्हायची. डिसेंबरचं आकाश या खेळाच्या मुळावरच उठलेलं. मृग, मिथुन, पुनर्वसू, वृषभ, ब्रह्महृदय, सगळ्या बड्या मंडळींना ओठ लागतात. उरतात रोहिणी, कृत्तिका, आर्द्रा. एका वर्षी सतरंजीच्या टोकाकडून तोवर कधीच न बोललेला एक आवाज आला. तिला मृगाबद्दल बोलायचं होतं आणि मृग म्हणायचं नव्हतं. थोडं थांबून ती म्हणाली, "शिकाऱ्याचा शर ज्याच्या कुशीत रुतला आहे, ते हरिण." सेकंद मोजायचं काम माझ्याकडे होतं. मी मोजायचं विसरले.

माझा स्वतःचा लाडका खेळ शिडीचा. एका वेळी एक अक्षर, म्हणजे काना-मात्रेसकट अख्खं अक्षर, बदलत एका शब्दावरून त्याच्या उलट शब्दावर जायचं, आणि मधली प्रत्येक पायरी खरा शब्द हवी. काळा, गोळा, गोरा. कडू, कड, गोड. हार, हात, जीत. 'खरे'पासून 'खोटे'पर्यंत मधे फक्त 'खोरे' लागतं, हे मला पहाटे साडेतीनला सापडलं, आणि त्या वर्षीच्या उल्का मला विशेष आठवत नाहीत.

साडेतीननंतर खेळ आपोआप मंदावायचे. आवाज खाली यायचे. नोकरी सुटल्याचं, घरात बोलता न येणारं, असं बरंच काही त्या वेळी त्या सतरंज्यांवर बोललं गेलं. ऐकणारा दिसत नसला की बोलणं सोपं जातं. सकाळी त्याबद्दल कोणी काही विचारायचं नाही, असा न ठरवलेला नियम होता. मला कित्येक जण वर्षानुवर्षं फक्त आवाजानं माहीत होते. दिवसाउजेडी रस्त्यात भेटले तर बोलल्याशिवाय ओळख पटायची नाही.

२०१२ साली १३ डिसेंबरलाच अमावास्या आली. आकाश धुतल्यासारखं. त्या रात्री एवढ्या उल्का पडल्या की खेळ धड झालाच नाही. दर शब्दाला कोणीतरी ओरडायचं, आणि बहुतेक वेळा खरं ओरडायचं. पहाटे चारला एक काका वैतागून म्हणाले, "अहो, जरा खेळू द्या की!" हे आकाशदर्शन मंडळाचे खजिनदार.

२०१६ साली उलट झालं. नेमकी पौर्णिमा, त्यात चंद्र पृथ्वीच्या जवळ. मंद उल्का सगळ्या त्या उजेडात बुडणार हे ठाऊक असूनही सगळे आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच खेळताना एकमेकांचे चेहरे दिसत होते. जरा अवघडल्यासारखंच झालं. जो भारदस्त आवाज मी कोण्या उंचनिंच गृहस्थाचा समजत होते, तो निघाला माझ्या खांद्याला लागणाऱ्या एका माणसाचा. आणि लबाडी तर उघडीच पडली. 'उल्का!' म्हणणारा खुशाल स्वतःच्या चपलांकडे बघतोय, हे सगळ्यांना दिसत होतं.

रात्री दीडच्या सुमारास सरांनी माझ्या आधी ज्येष्ठा टाकली. इतकी वर्षं जपलेली असावी. मी उताणी पडून ठ, ठ, ठ करत होते आणि डोक्यावरून, पुनर्वसूच्या जोडीपासून थेट व्याधाच्या पलीकडे, एक उल्का गेली. चांदण्यालाही न जुमानणारी, मागे हिरवट रेघ ठेवणारी. मी ओरडले, "उल्का!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खरंच वर बघतेय का, हे तपासायला. एकानंही मान वर केली नाही. रेघ दोन सेकंद राहिली आणि विरली.

ताईंनी लाल विजेरी लावली, घड्याळ बघितलं, वेळ लिहिली. मी कोपरावर उठून वहीत डोकावले. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ठ'.