युक्काच्या फुलातली मादी

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या माळावर जूनमध्ये युक्का हे टोकदार पानांचं झुडूप फुलतं. फुलोऱ्यांना चिठ्ठ्या बांधायच्या, किती फुलांना फळ धरतं ते टिपायचं, हे माझं काम. दिवसा फुलात डोकावलं की पाकळ्यांच्याच रंगाचा, जेमतेम सेंटिमीटरभर लांब पतंग निपचित बसलेला दिसतो. शास्त्रीय नाव टेगेटिक्युला युकासेला. त्याच्याबद्दल वाचलं भरपूर होतं. बघायला मिळालं त्या संध्याकाळी.

अंधार पडल्यावर लाल हेडलॅम्प लावून मी एका फुलोऱ्याशी उकिडवी बसले. पानांची टोकं पँटमधून टोचत होती. एक मादी आली, हनुवटीखाली परागाचा पिवळा गोळा घट्ट धरून. तो धरायला तिच्या तोंडाशी दोन वळलेले स्पर्शक असतात. आधी ती फुलाच्या अंडाशयाभोवती फिरली. मग पुंकेसरांच्या मधे पाय रोवून, पोट वाकवून तिने अंडी घालायची नळी अंडाशयात खुपसली. मी श्वास रोखलेला. अंडं घालून झालं, आणि ती सरळ वर कुक्षीकडे, म्हणजे स्त्रीकेसराच्या पराग घेणाऱ्या टोकाकडे, चढली. कुक्षी आतून पोकळ असते, नुसत्या स्पर्शाने तिथे काम भागत नाही. मादी डोकं मागेपुढे करत पराग आत ठासत होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

मधमाशीच्या अंगाला पराग आपोआप चिकटतो. इथे मात्र प्रौढ पतंग काही खातच नाही. पराग वेचतो तो फक्त फुलात भरण्यासाठी. बी धरलं तरच मादीच्या अळ्यांना खायला मिळणार. सेंट लुइसचे डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमन यांना 1872 मध्ये या नात्याचा सुगावा लागला, मिसूरीचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी ते तपशिलात उलगडलं. डार्विनही थक्क झाला होता.

अळ्या सगळ्या बिया फस्त करत नाहीत. आणि फुलात अंडी फार झाली तर झाड ते फूलच गाळतं, अळ्यांसकट. हा हिशेब मला पतंगाच्या कौशल्याइतकाच विलक्षण वाटतो. आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाशी युक्का छान फुलतो, पण सहसा फळ धरत नाही, कारण हा पतंग तिथे नाही.

पोसलेल्या अळ्या फळाला भोक पाडून खाली उतरतात, मातीत शिरून कोश विणतात आणि पुढच्या उन्हाळ्यात, कधी त्याहूनही उशिरा, बाहेर पडतात. म्हणून आमच्या माळावर युक्काच्या बुंध्याजवळची माती मी कोणालाही उकरू देत नाही.